आवाज नसलेला ट्रक

रूडेपान, किंबर्ले
११ एप्रिल २०१५

वेन्डल भावजी,

तुमचे फोन येतात ते मला दिसतात. उचलत नाही म्हणून रागावू नका. फोनवर तुमचा आवाज अगदी नेव्हिलसारखा येतो. समोर असलात की तसं होत नाही. तुमचं पोट दिसतं, टक्कल दिसतं आणि तुम्ही तुम्हीच राहता. फोनवर मात्र नुसता आवाज येतो, आणि मग मला दिवसभर काही सुचत नाही. परवा तुमचा फोन चुकून उचलला आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भाजीत दोनदा मीठ पडलं. तेव्हा यापुढे मी लिहीन. ऑब्री दर शुक्रवारी टॅक्सी घेऊन तुमच्याकडे काथूला येतोच, पत्र त्याच्या हाती देईन. तुम्हीही त्याच्याच हाती द्या.

गॉडफ्रीने तुम्हाला काय सांगितलं असेल त्याचा मला अंदाज आहे. क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण या वेळी तो खरं बोललाय. नेव्हिलच्या ट्रकमधलं इंजिन आम्ही काढतोय आणि त्या जागी विजेची मोटर बसवतोय. आम्ही म्हणजे तॅमरिन. मी नुसती टॉर्च धरून उजेड पाडते.

कामावरच्या बायका मला हसतात. गुडघ्याएवढा रिमोटचा ट्रक, खेळणं ते, त्याच्यावरून सासरी केवढी धुसफूस म्हणतात. त्यांना काय सांगणार. नेव्हिलने मागे ठेवलेल्या वस्तूंपैकी तॅमरिनने मागितली ती हीच एक.

का काढतोय ते ऐका. मार्चमधल्या शर्यतीत इंजिन मध्येच बंद पडलं. लगेच गॉडफ्री, त्याचा मेव्हणा आणि आणखी तिघे धावत आले. एकाने इंधन कमी-जास्त करायची सुई आत फिरवली, दुसऱ्याने बाहेर, तिसऱ्याने प्लगच काढला. तॅमरिन रिमोट हातात धरून बाजूला उभी. ती म्हणाली, इंधन कमी पडतंय, धूर बघा किती कमी येत होता. त्यावर गॉडफ्री म्हणाला, "पोरी, जरा सरक, उजेड अडतोय." ट्रक सुरू झाला तोवर शर्यत संपली होती, आणि पाचही जण एकमेकांची पाठ थोपटत होते. घरी येऊन ती म्हणाली, आई, मला बाबांचा ट्रक चालवायचाय, पाच काकांची वरात नकोय मागे.

सप्टेंबरात वारसा दिनाला क्लब नेव्हिलच्या नावाने शर्यत ठेवतोय. त्या दिवशी बापाच्या ट्रकने, कोणाच्या हातापाया न पडता पळायचं, एवढंच तिच्या मनात आहे. विजेच्या मोटरीला सुई नाही, धूर नाही, आवाज ऐकून जुळवायला कोणाचा कान लागत नाही. म्हणून हे सगळं.

तुम्हाला विचारून करायला हवं होतं असं वाटत असेल तर तसं सांगा. पण सांभाळून सांगा.

मर्ल


काथू
१९ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं. ऑब्रीने ते मटणाच्या पिशवीतून आणलं, त्यामुळे वाचायच्या आधी बराच वेळ वाळवावं लागलं. वाचल्यावर वाटलं, ओलंच राहू दिलं असतं तर बरं झालं असतं.

विजेची मोटर म्हणे. मग ट्रक कशाला, स्वयंपाकघरातल्या मिक्सरलाच चार चाकं लावा की. भाजीही वाटून निघेल आणि शर्यतही होईल. आणि वीज असते कधी तुमच्याकडे? आठवड्यातल्या निम्म्या संध्याकाळी रूडेपान अंधारात असतं असं तुम्हीच सांगता. शर्यतीच्या दिवशी वीज गेली तर नेव्हिलचा ट्रक काय मेणबत्तीवर पळवणार?

थट्टा सोडा. ते इंजिन काय आहे हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. तुम्ही त्याच अंगणात होतात. नवं इंजिन आणलं की लगेच पळवत नाहीत, मुरवावं लागतं. ईस्टरची पूर्ण सुट्टी मी आणि नेव्हिलने आईच्या अंगणात ते मुरवलं. भरपूर तेल, कमी वेग, थोडं चालवायचं, गार करायचं, पुन्हा चालवायचं. आई ईस्टरची लोणच्यातली मासळी घेऊन बाहेर आली, आमचे हात एरंडेलाने माखलेले. नेव्हिल म्हणाला, खा रे, पोट साफ होईल. आई किती वेळ हसत होती. त्या इंजिनाचं तेल अजून त्याच एरंडेलाचं आहे. त्याचा वास आला की मला आई आठवते, नेव्हिल आठवतो, आणि ते दोघंही आता कुठे आहेत ते ठाऊकच आहे.

नेव्हिल बोटाला थुंकी लावून इंजिनाच्या डोक्याला लावायचा. थुंकी झटकन उडाली तर फार तापलंय, रेंगाळली तर थंड आहे. मग डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि डाव्या हाताने सुई केसभर फिरवायचा. हे त्याने क्लबात फक्त मला शिकवलं. इंजिन जिवंत असतं वहिनी. मोटर म्हणजे छताचा पंखा.

गॉडफ्रीला आणि त्याच्या मेव्हण्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, हे मला मान्य. म्हणूनच सांगतो, ट्रक ऑब्रीकडे द्या. मी इथे खाणीच्या कार्यशाळेत तो नीट करतो. दर शर्यतीला मी स्वतः घेऊन येईन, सुई लावीन, तॅमरिनने फक्त चालवायचं. पोरीला त्रास नको आणि नेव्हिलचं इंजिन नेव्हिलच्या ट्रकमध्ये राहील.

तुमचा,
वेन्डल


रूडेपान
३ मे

वेन्डल भावजी,

तुमचं पत्र तॅमरिनला वाचून दाखवलं. एरंडेलाच्या गोष्टीला ती हसली. "तॅमरिनने फक्त चालवायचं" इथे हसायची थांबली.

तुम्ही दर शर्यतीला येईन म्हणता. गेल्या ऑगस्टातही म्हणाला होतात, नेव्हिलला जाऊन महिना झाला होता तेव्हा. तेव्हापासून आम्ही क्लबाच्या फाटकाशी इंजिन गार ठेवून तुमची वाट बघत आलो. कधी तुमची पाळी बदलली, कधी टायर फुटला, कधी खाणीत कोणाचं लग्न निघालं. मी दोष देत नाही, काथू काही जवळ नाही. पण ज्या इंजिनाला तुम्हीच लागता आणि तुम्हीच येत नाही, ते इंजिन घेऊन त्या मुलीने काय करायचं? तुम्हाला तेच हवं आहे का भावजी, की ट्रक बंद पडावा आणि सगळ्यांनी विचारावं, वेन्डल कधी येतोय? माझ्या मनात आलं ते लिहिलं. चुकीचं असेल तर सोडून द्या.

ट्रक मिळणार नाही. तो तॅमरिनचा आहे. इंजिन मात्र पाठवतेय, ऑब्रीच्या शेजारच्या सीटवर, नेव्हिलच्या निळ्या टॉवेलात गुंडाळून. ते तुम्ही दोघांनी मुरवलंत, तेव्हा त्याच्यावर तुमचा हक्क आहे. टाकी, सायलेन्सर आणि उरलेलं तेलही पाठवतेय. घरातला वास गेलाय. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण कपाट उघडलं की काहीतरी चुकल्यासारखं होतं.

विजेची काळजी करू नका. वीज असते तेव्हाच बॅटरी चार्ज करतो, मागच्या दारी सासूबाईंच्या तीन पायांच्या लोखंडी हंडीत ठेवून. पेट घेतला तर घर नको जळायला. ती हंडी निखाऱ्यावरच्या मटणासाठी होती, आता तिच्यात बॅटरी शिजते. सासूबाई वरून शिव्या देत असतील.

तॅमरिन विचारतेय की मोटरीच्या लहान दातेचाकात आणि मोठ्या चाकात फट किती ठेवायची. क्लबात कोणाला विचारणार नाही म्हणते. तुम्हाला विचारतेय.

मर्ल


काथू
२४ मे

वहिनी,

इंजिन पोचलं. स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलंय, चहाच्या डब्याशेजारी. सकाळी कामावर जाताना त्याचं चाक बोटाने फिरवतो. आतला दट्ट्या वर आला की अजून तसाच घट्ट अडतो. म्हणजे आतून जिवंत आहे.

तुमच्या त्या एका वाक्यावर मी दोन दिवस चिडलो होतो. मग ऑब्री म्हणाला, वहिनी खोटं बोलत नाहीत. ऑब्रीला पत्र वाचायला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, पुढच्या वेळी पाकीट नीट चिकटवा.

पोरीने विचारलंय म्हणून सांगतो. दोन चाकांच्या मध्ये कागदाची पट्टी घालायची, साध्या वहीच्या कागदाची, आणि मोटर दाबून स्क्रू आवळायचे. मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दात्यांचे वळ उठले पण ती फाटली नाही, तर फट बरोबर. फाटली तर चाकं घट्ट आहेत, थोड्याच दिवसांत दाते खाऊन टाकतील. दुसरं, ब्रेकच्या चकत्या काढून टाका, आता ब्रेक मोटरच लावेल. तिसरं, टाकी रिकामी होत जायची तसा ट्रक हलका व्हायचा. बॅटरी शेवटपर्यंत तेवढीच जड राहते, म्हणून त्या बाजूच्या स्प्रिंगा कडक करा, नाहीतर प्रत्येक उडीला पोटावर आदळेल. बघा, छताच्या पंख्याबद्दल मला थोडंफार कळतं.

एक गोष्ट मात्र माझी. शर्यतीला मी येणार आणि ट्रक मी तपासणार. नेव्हिलचा नियम तुम्हाला आठवत असेल. आमच्या घरचा कुठलाही ट्रक दुसऱ्या भावाने तपासल्याशिवाय रेषेवर जात नाही. ट्रक तिवईवर ठेवायचा, उजव्या हाताची बोटं मोठ्या दातेचाकावर, चाक मागे-पुढे फिरवून सैल-घट्ट बघायचं. डाव्या हातात रिमोट, आणि इंजिन सुरू करायच्या आधी ट्रिगर पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे कार्बोरेटर उघडतो आणि परत मिटतो ना ते कळतं. नेव्हिल माझा तपासायचा, मी त्याचा. तेवढा वेळ सगळा क्लब गप्प उभा राहायचा, गॉडफ्रीसुद्धा. तुम्ही मोटर लावा, रिबिनी लावा, पण तो मान मला द्या.

वेन्डल


रूडेपान
३० ऑगस्ट

वेन्डल भावजी,

मधे बरेच आठवडे पत्र नाही म्हणून काळजी करू नका. स्क्रू झिजले होते, मोटर बसवायची पट्टी दोनदा वाकडी कापली गेली, एकदा तॅमरिनची परीक्षा आडवी आली. तुमची कागदाची पट्टी मात्र पहिल्याच वेळी जमली. तिने ती वळ उठलेली पट्टी आरशाच्या कडेला खोचून ठेवलीय.

काल शाळेच्या मैदानावर ट्रक पहिल्यांदा पळवला. भावजी, मी सांगते ते हसू नका. त्याला आवाजच नाही. नेव्हिलने ट्रक सुरू केला की गल्लीतली सगळी कुत्री भुंकायची, शेजारची मिसेस ओलिफंट खिडकी आपटून लावायची, आणि स्वयंपाकघरात बसून मला कळायचं की हा कुठल्या वळणावर आहे. काल ट्रक गेला आणि एकही कुत्रं उठलं नाही. फक्त चाकाखालचे खडे वाजले. मी तिथेच उभी राहून रडले. वाटलं, आता खरंच गेला. मग तॅमरिनकडे पाहिलं तर ती हसत होती, तोंडभर, बाप गेल्यापासून पहिल्यांदा. मग माझं रडणं कोणासाठी होतं तेच मला कळेना. डोळे पुसले आणि तिच्यासाठी भजी तळायला घरी गेले.

तुमचा मान तुमचाच. तिलाही ते आवडलंय. म्हणते, बाबा असते तर काकांनीच तपासला असता. वारसा दिनाला सकाळी लवकर या, रोस्टरकुकचे पाव मी निखाऱ्यावर भाजणार आहे, तुम्हाला जाम लावलेले आवडतात तेच. खाली तॅमरिनला चार ओळी लिहायच्यात.

मर्ल

काका, ट्रक तयार आहे. ताशी किती पळतो ते आईला सांगितलेलं नाही, तुम्हाला आल्यावर सांगेन. एक गोष्ट लक्षात ठेवा. हा इंजिनासारखा नाही. बॅटरी जोडली की तो चालूच असतो, उभा असला तरी, आवाज नसला तरी. तपासताना आधी मला विचारा, मी बॅटरी काढून देईन. कार्बोरेटर तर नाहीच, तेव्हा ट्रिगर दाबायची गरज नाही. पण बाकी सगळं तुम्ही तपासा. तुम्ही बघितल्याशिवाय मी रेषेवर जाणार नाही. तुमची, तॅमरिन


काथू
४ ऑक्टोबर

वहिनी,

अक्षर वाईट आहे, डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हाताला अजून पट्ट्या आहेत. पहिल्या बोटाचं टोक नखासकट गेलं, दुसऱ्याचं वाचलं पण वळत नाही. खाणीत मला हत्यारांच्या खोलीत खिडकीशी बसवलंय. मोठमोठे डंपर खोलणारा माणूस आता पाने मोजून देतो.

मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण जे घडलं ते घडलं. ट्रक तिवईवर होता. पोरीने रिमोट माझ्या हातात दिला. मी नेहमीसारखी बोटं चाकावर ठेवली आणि ट्रिगर दाबला, कितीतरी वर्षं दाबत आलोय तसा. बॅटरी जोडलेली आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इंजिन सुरू असलं तर आंधळ्यालाही कळतं. हे यंत्र गप्प बसून दबा धरतं. असली वस्तू पोरांच्या हातात देणंच चूक, आणि हे मी एप्रिलमध्येच म्हणालो होतो.

गॉडफ्री दवाखान्यात आला होता. त्याने विचारलं तेव्हा मी जे झालं ते सांगितलं, की ट्रक चालू ठेवून माझ्या हातात दिला गेला. आता क्लबाने तिला वर्षभर बंदी घातली असं ऐकतो. वाईट वाटलं. पण तिच्याच भल्याचं आहे वहिनी. आज माझं बोट गेलं, उद्या तिचं जाईल. थोडी मोठी होऊ दे.

आणि आता मनातलं बोलतोच. तो ट्रक माझ्याकडे पाठवा. इंजिन इथे आहे, टाकी आहे, सायलेन्सर आहे. मी पुन्हा सगळं होतं तसं करतो. नेव्हिलची वस्तू नेव्हिलच्या भावाकडे असलेली बरी. त्यालाही तेच आवडलं असतं.

गेल्या रविवारी फोन केला होता. तुम्ही उचललात आणि काही न बोलता ठेवलात.

वेन्डल


रूडेपान
११ ऑक्टोबर

वेन्डल,

भावजी म्हणायला आज जीभ वळत नाही, हातही वळत नाही, राहू दे.

बोटाचं मला वाईट वाटतं. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की हिला काळीज नाही. तुमचं काम तुमच्या हातात होतं आणि ते गेलं. त्याचं दुःख मला आहे आणि राहील.

पण जे घडलं ते तुम्ही लिहिलंत तसं घडलं नाही. मी तुमच्यापासून दोन पावलांवर हातात रोस्टरकुकची परात घेऊन उभी होते. तॅमरिन बॅटरी काढायला खाली वाकली होती. तुम्ही म्हणालात, थांब, आधी मला बघू दे, आणि तिच्या हातातून रिमोट ओढून घेतलात. ती म्हणाली, "काका, थांबा, चालू आहे तो." सगळा क्लब गप्प उभा होता, तुम्हाला आवडतो तसा. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "चालू? अजून सुरूच कुठे झालाय हा?" पाचही जण हसले. ते हसत असतानाच तुम्ही ट्रिगर दाबलात. चूक होती ती, समजू शकते. आयुष्यभर इंजिनाबरोबर राहिलेला माणूस, आवाज नाही म्हणजे बंद असंच त्याला वाटणार. नेव्हिलच्या हातूनही झाली असती. तो मात्र पहिल्यांदा तुम्हाला शिवी देऊन मग स्वतःवर हसला असता.

तुमचं बोट स्वतःच्या शर्टात घट्ट धरून दवाखान्यापर्यंत कोण बसलं होतं गाडीत? गॉडफ्री नव्हता, तो शर्यत सुरू करत होता. बापाच्या नावाची शर्यत तिच्याशिवाय झाली, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. वाटेत ती सारखी म्हणत होती, काकांचा हात बरा होईल ना आई. आणि तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या, शुद्धीवर, चहा पिताना, गॉडफ्रीला सांगितलंत की पोरीने चालू ट्रक हातात दिला.

कोणी सांगितलं नव्हतं म्हणता. तिने ऑगस्टात तुम्हाला लिहिलं होतं, तिच्या अक्षरात. तुम्ही ते वाचलंत, कारण आल्या आल्या तुम्ही तिला विचारलंत, ताशी किती पळतो? विसरलात असंही म्हणाला असतात तरी चाललं असतं. वेन्डल विसरला, एवढं एक वाक्य. क्लबाने मान हलवली असती, दोन दिवस थट्टा केली असती, आणि ती मुलगी पुढच्या रविवारी पळाली असती. तुम्हाला तेवढी थट्टा सोसली नाही. सोळा वर्षांच्या पोरीला सोसेल असं तुम्हाला वाटलं.

त्या दिवशी क्लबात राहिलेली परात आणायला मी गॉडफ्रीकडे गेले होते. खरं काय ते सांगितलं. बाकीच्या चौघांनाही विचारा म्हटलं. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं म्हणे. एवढ्या जवळ उभे राहून हसले, आणि ती ओरडली ते ऐकू आलं नाही. गॉडफ्री म्हणाला, वेन्डल आपला जुना माणूस, त्याच्या शब्दावर शंका कशी घ्यायची. मी परात तिथेच ठेवून घरी आले.

तॅमरिन तुमच्यावर रागावलेली नाही, हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने तुमचं पत्र वाचलं, ट्रक घेतला आणि मागच्या दारी बसून मोटर काढली, बॅटरी काढली, तारा काढल्या, सगळे स्क्रू डबीत भरले. मी म्हटलं, काय करतेस, बाबांचा आहे तो. ती म्हणाली, "काकांना बोट परत देता येत नाही. ट्रक घेऊ देत." आरशात खोचलेली ती कागदाची पट्टी तिने काढून केरात टाकली. मी ती उचलली नाही.

तर या शुक्रवारी ऑब्री ट्रक घेऊन येईल. रिकामा आहे. इंजिन तुमच्याकडे आहेच, बसवा. सुई फिरवायला उजवाच हात लागतो असं नाही, नेव्हिल डावराच होता. एरंडेल आहे, टाकी आहे, सायलेन्सर आहे. तुमच्या अंगणात चालवा, हवा तेवढा मोठा आवाज करा. मोटर आणि बॅटरी तिने ठेवून घेतलीय. ब्लूमफाँटेनला दुसरा क्लब आहे, तिथे तिला कोणी ओळखत नाही, आणि कोणाची पुतणी म्हणून तिला कोणी सरकायला सांगणार नाही. ट्रक दुसरा मिळेल. बापाचा नसेल एवढंच.

आता फोनचं. त्या रविवारी मी तो मुद्दाम उचलला होता. मनात होतं की तुम्ही रडत असाल, चूक झाली म्हणत असाल, आणि नेव्हिलच्या आवाजात ते ऐकलं तर मी सगळं विसरेन. तुम्ही म्हणालात, हॅलो, वहिनी, ट्रकचं आता काय करायचं? मी ऐकत राहिले. आवाज तुमचा होता. त्याच्यासारखा जराही वाटला नाही, आणि पूर्वी कसा वाटत होता तेही मला आठवेना.

त्यामुळे आता पत्रं लिहायचं कारण उरलं नाही. काही काम असेल तर खुशाल फोन करत जा. मला काही होणार नाही.

मर्ल